लेकीची पहिली रायफल : .२४३ विंचेस्टर, उन्हाळ्यापासून हंगाम संपेपर्यंत

आम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये राहतो. बारा वर्षांच्या लेकीसाठी हरणाची रायफल घ्यायची म्हटलं की इथे जो तो आधी काडतुसाचं नाव सांगतो. आम्ही मॉसबर्ग पेट्रियट सुपर बँटम ही रायफल घेतली, .२४३ विंचेस्टर या काडतुसाची. उन्हाळाभर रेंजवर, ऑक्टोबरमध्ये मुलांच्या दोन दिवसांच्या हंगामात आणि नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या मुख्य हंगामात तीच वापरली. माझं ठाम मत : मुलांसाठी आधी दस्त्याचं माप बघा, काडतूस नंतर.

मोठ्यांच्या रायफलीत ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास अंतर असतं. तशी रायफल हातात दिली की लेक कमरेतून मागे झुकते, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि दस्ता खांद्याच्या खळग्यात बसायचा सोडून दंडावर सरकतो. अशा वेळी हलक्या काडतुसाचा धक्काही दुखतो. या रायफलीचा दस्ता १२ इंचांचा आहे, मागे एक इंचाचा तुकडा बसवला की १३ होतो. जूनमध्ये टी-शर्टवर तुकडा लावून तिला अगदी नेमकं माप मिळालं. नोव्हेंबरात आत स्वेटर, वर जाड जॅकेट, त्यावर चमकदार गुलाबी व्हेस्ट (२०१६ पासून इथे शिकाऱ्यांच्या नेहमीच्या नारिंगीऐवजी तो रंगही चालतो, आणि तिनं तोच निवडला). एवढ्या थरांनंतर तुकडा काढावा लागला. म्हणून दुकानात जाताना मुलाचं थंडीचं जॅकेट बरोबर न्या आणि ते घालूनही रायफल खांद्याला लावून बघा.

धक्क्याचं गणित सरळ आहे. साडेसात पौंडांच्या रायफलीत .२४३ चा १०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीचा धक्का साधारण ९ फूट-पौंड (धक्क्याची ऊर्जा मोजायचं एकक), तर .३०८ या मोठ्या काडतुसाचा १६ च्या आसपास. रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. त्यामुळे पोराला उचलायला सोपी म्हणून सगळ्यात हलकी रायफल घेऊ नका. आमची स्कोपसकट (वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीसकट) साडेसात पौंडांच्या आसपास भरते आणि तेवढं वजन तिला झेपतं. चालताना मी घेते, बसल्यावर ती घेते.

मुलं दचकतात ती बऱ्याचदा आवाजाला. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि रायफलीचा आवाज त्याहून मोठा असतो. रेंजवर आम्ही कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही वापरतो. मझल ब्रेकनं (नळीच्या तोंडाशी बसवायचा भोकांचा तुकडा) धक्का कमी होतो खरा, पण आवाज वाढतो. मुलाच्या रायफलीवर तो मला नको. सरावाचा मोठा भाग .२२ या अगदी छोट्या काडतुसाच्या रायफलीवर होतो, शेवटी .२४३ च्या मोजक्या गोळ्या. गोळी झाडताना लेक डोळे मिटायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं, तिनं हट्ट केला तरी. कमी धक्क्याची ८७ ग्रेनची काडतुसंही मिळतात, सरावाला छान आहेत. मात्र काडतूस बदललं की गोळी वेगळ्या जागी लागते, म्हणून हंगामाआधी शिकारीच्या काडतुसांवर स्कोपचा नेम पुन्हा जुळवून घ्या.

स्कोप तिच्या डोळ्याच्या अंतराप्रमाणे बसवला आहे. मी त्यातून पाहिलं तर कडेनं काळं दिसतं, आणि ते तसंच असू दे. ज्यातून नीट दिसायला डोळा साडेतीन इंचांहून जवळ न्यावा लागतो असा स्कोप मुलांसाठी घेऊच नये, धक्क्यानं तो मागे येऊन भुवई फुटते.

.२४३ ची मर्यादा आहे : हरीण आडवं उभं असेल आणि फुप्फुसावर नेम असेल तरच गोळी सोडायची. ऑक्टोबरात एक नर तिरका उभा होता. तिनं बराच वेळ नेम धरला आणि मग स्वतःहून सेफ्टी लावली. मला तिचा फार अभिमान वाटला. नोव्हेंबरात रायफल टेकणीवर ठेवून, जवळच्या अंतरावर एक मादी मिळाली. खांद्याला लागलं का विचारलं तर म्हणाली, "आई, धक्का आठवतच नाहीये." भारतात १९७२ च्या कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागतं. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्यच परवाने देतं. मांस आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो, सुक्कं उत्तम होतं.

पुढे एल्कसारख्या (हरणाहून बराच मोठा सांबरासारखा प्राणी) मोठ्या जनावराचा विचार असेल तर याच मॉडेलची ७एमएम-०८ या काडतुसाची रायफल घ्या. धक्का थोडा जास्त, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जमण्यासारखा. बारा वर्षांच्या पोरीला मी आजही .२४३ च देईन.