दिल्ली हाट, आयएनए: बडोद्याहून पदरच्या पैशाने माल मांडायला जाणाऱ्यांसाठी

सरकारच्या तोंडाकडे न बघता आपली कला दिल्लीत मांडायची, ही टूम बडोद्याच्या मंडळांत अधूनमधून निघतेच. आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी ‘आपलं स्वतःचं भवन’ काढतं. आमचं मत: बांधू नका, भाड्याने घ्या, आणि पहिल्या खेपेला दिल्लीच्या आयएनए भागातला दिल्ली हाट, म्हणजे कारागिरांच्या गाळ्यांचा उघडा बाजार, तोच धरा. बांधलेल्या वास्तूचं पुढे काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. गायकवाड सरकारांनी ल्यूटेन्सकडून बांधून घेतलेलं बडोदा हाउस आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. अकबर रोडवरचं गरवी गुजरात भवन 2019 मध्ये उघडलं, पण ते शासनाचं. बिकानेर हाउसची दालनं भाड्याने मिळतात आणि देखणी आहेत. चित्रांना, भारी साड्यांना ती शोभतात. बडोद्याजवळच्या संखेडा गावचा, लाखेने रंगवलेला लाकडी पाट आणि पोरांची घोडागाडी घ्यायला तिथे कोण येणार?

दिल्ली हाट 1994 सालचा. दिल्ली पर्यटन महामंडळ, नवी दिल्ली नगरपालिका आणि हस्तशिल्प व हातमाग आयुक्तांची कार्यालयं यांनी मिळून, झाकलेल्या नाल्यावरच्या जमिनीवर उभा केलेला. विटांचे ओटे, वर छप्पर, मधून फरसबंद वाटा. तिकीट काढून आत यावं लागतं, त्यामुळे नुसती वाट तुडवणारी गर्दी आपोआप गाळली जाते. मेट्रो दाराशी आहे: ‘दिल्ली हाट-आयएनए’ हे पिवळ्या आणि गुलाबी अशा दोन्ही मार्गांवरचं स्थानक. बडोद्याहून ऑगस्ट क्रांती राजधानीने गेलात तर हजरत निजामुद्दीनला उतरून गुलाबी मार्गाने थेट पोचता येतं. हाताशी सामान असलेल्या कारागिराला हे फार सोयीचं पडतं.

आत शिरायचे रस्ते दोन. कारागिराकडे हस्तशिल्प आयुक्तांच्या कार्यालयाचं पहचान कार्ड (कारागिराचं ओळखपत्र) असेल तर त्याच्या नावावर गाळा मिळू शकतो. हे गाळे आळीपाळीने, साधारण पंधरा पंधरा दिवसांसाठी दिले जातात. दुसरा रस्ता म्हणजे संस्थेने पर्यटन महामंडळाकडून कार्यक्रमासाठी जागा भाड्याने घेणं. मंडळं हमखास घोटाळा करतात ती इथे: कार्ड कारागिराचं, पैसा मंडळाचा आणि गाळ्यावर बसलेला तिसराच, बहुधा खजिनदारांचा भाचा. तपासणीत हे टिकत नाही, आणि खपालाही मारक आहे. दिल्लीचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ‘हे तुम्ही स्वतः बनवता का?’ असा. तिथे उत्तर देणारा माणूस खराद्याच, म्हणजे खरादावर (लाकूड कातायच्या यंत्रावर) माल घडवणारा कारागीरच असायला हवा. मंडळाने जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च उचलावा, हिशेब ठेवावा आणि काउंटरवरून बाजूला व्हावं.

आता संखेडा. बडोद्याची म्हणून जी कला दिल्लीत उठून दिसते ती हीच, आणि नेण्याआणण्यात सर्वांत जास्त मार खाते तीही हीच. सागाचे खांब आणि आडव्या पट्ट्या खरादावर कातलेल्या असतात, एकमेकांच्या भोकांत घट्ट बसवलेल्या. अख्खा झोपाळा जोडलेल्या स्थितीत पाठवला की हादऱ्यांनी सांधे ढिले होतात. तेव्हा तो खोलून न्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तोंडांना आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला एकच खूण करा आणि सोबत लाकडी मोगरी ठेवा; लोखंडी हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला लाख उडते. लाखेवर प्लास्टिकचा फुगेवाला कागद थेट गुंडाळू नका. बंद ट्रकमध्ये उन्हाळ्यात लाख मऊ पडते आणि फुग्यांचे गोल वण तिच्यावर कायमचे उमटतात. आधी धुतलेलं सुती कापड, मग फुगेवाला कागद, मग पुठ्ठा, बाहेर गोणपाट. मे-जूनच्या लूमध्ये (उत्तरेकडच्या कोरड्या, गरम वाऱ्यात) लाकूड आक्रसतं आणि कालपर्यंत घट्ट असलेली खुर्ची कुरकुरायला लागते. पुरतं न वाळलेलं लाकूड असेल तर विचारूच नका. शक्य असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा.

प्रात्यक्षिकाशिवाय मात्र जाऊ नये. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग पट्टा धरत पसरतो. मग केवड्याच्या पानाने तो सारखा करतात. नक्षी कथलाच्या लेपाने काढलेली, म्हणजे मुळात रुपेरी. तिच्यावर पारदर्शक लाख चढली की डोळ्यांदेखत ती सोनेरी होते. हा एवढा क्षण बघायला माणसं थांबतात आणि थांबली की घेतात. त्यासाठी खरादाची मोटर, विजेचा वेगळा पॉइंट आणि भुसा गोळा करायला पत्र्याचा डबा लागतो. परवानगी अर्जातच मागा, तिथे पोचल्यावर नाही. लाख, भुसा आणि गरम मोटर एका ओट्यावर आली की आगीची भीती असतेच. 30 एप्रिल 2025 च्या संध्याकाळी याच हाटात मोठी आग लागून बरेच गाळे जळाले. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं गाळ्यात ठेवा, रात्री मोटरचा प्लग काढूनच निघा आणि मालाचा विमा वाहतूक अधिक प्रदर्शनातला मुक्काम असा दोन्हींचा उतरवा. विम्यासाठी प्रत्येक नगाचा फोटो आणि किंमत निघण्यापूर्वीच यादीत हवी.

किती न्यायचं? एका झोपाळ्यामागे निदान दहा-बारा लहान नग: पाट, बाजोठ (बुटका चौरंग), देव्हारा, पाळण्यावरची खेळणी. झोपाळा गिऱ्हाइकाला ओढतो, घरी जाते ती बाजोठाची जोडी. झोपाळ्याच्या ऑर्डरी वहीत घ्या आणि माल बडोद्याहून पाठवा. लख्ख पांढरे दिवे लावू नका. लाखेवर नुसती चकाकी मारते आणि नक्षी दिसत नाही. पिवळसर, थोडा पसरट उजेड हवा.

पिठोऱ्याबद्दल आमचा एक आग्रह आहे. छोटा उदेपूरच्या राठव्यांची ही चित्रं नवसाची असतात. बडव्याच्या (त्यांच्या पुजाऱ्याच्या) सांगण्यावरून, घरातल्या शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर, दूध आणि मोहाची दारू घालून कालवलेल्या रंगांनी ती काढतात. परेशभाई राठवांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून दिल्लीतही लोक नाव ओळखतात. कापडावरचे, कॅनव्हासवरचे घोडे विकायला काहीच हरकत नाही, कलाकार स्वतःच ते करतात. पण गाळ्यामागे फ्लेक्सवर छापून पिठोरा लावणं आणि त्यापुढे ढोल वाजवून ‘आदिवासी रात्र’ साजरी करणं बंद करा. खरं चित्र विकायला मांडलेल्या गाळ्यात छापील नक्कल टांगली की खऱ्याचा भाव तुम्हीच पाडता.

खाण्याचा भाग थोडक्यात. भाकरवडी चालते, टिकते. लीलो चेवडो (बडोद्याचा चिवडा) ओलसर असतो, तो पंधरा दिवसांचा एकदम नेऊ नका. पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांक, तारीख, घटक सगळं हवं. शिजवून विकायचं तर तो वेगळा परवाना आणि वेगळी डोकेदुखी. पहिल्या वर्षी वाटेला जाऊ नका.

कागदपत्रांत लोक सर्वांत जास्त अडकतात. दुसऱ्या राज्यात तात्पुरती विक्री करायची तर जीएसटीत ‘नैमित्तिक करदाता’ म्हणून नोंदणी लागते; अर्ज किमान पाच दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ भरून, मुदत 90 दिवस. अधिसूचित हस्तकला वस्तू विकणाऱ्या कारागिराची एकूण वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर यातून सूट आहे. मात्र पॅन हवं आणि ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायचं बिल) हवंच. नेहमीच्या मालाला असलेली किमतीची मर्यादा इथे लागू नाही. हस्तकलेचा असा माल राज्याबाहेर नेताना दहा हजारांच्या गठ्ठ्यालाही ई-वे बिल लागतं, आणि नेमकं हेच पुष्कळांना नाक्यावर कळतं. बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे बडोदा-दिल्लीला साधारण पाच दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घ्या.

गाडी बीएस-6 (धुराच्या नव्या, कडक निकषात बसणारी) किंवा सीएनजीचीच ठरवा. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की बाहेरची जुनी डिझेल वाहनं हद्दीवरच थांबवतात, आणि मोठ्या ट्रकांना एरवीही दिवसा शहरात बंदी असते. पहाटे माल उतरेल असा हिशेब धरून एक दिवस हातचा ठेवा.

न खपलेला माल परत आणताना पुन्हा डिलिव्हरी चलन आणि नवं ई-वे बिल करायचं असतं. जातानाच्या यादीतून विकलेले नग वजा करून ही यादी शेवटच्या रात्री गाळ्यातच बसून करा, कारण एकदा सगळं गोणपाटात गेलं की आत काय आहे हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही.