तालिलिन रेल्वे: तिकिटाच्या पैशात नेमकं काय मिळतं

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचं लहानसं गाव आहे. तिथून आत डोंगराकडे सव्वासात मैल जाणारी तालिलिन रेल्वे ही स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली जगातली पहिली रेल्वे. निकाल आधीच सांगतो: जरूर जा, पण दिवस राखून जा. जाऊन-येऊन दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढंच करून मोटारीत बसलात तर पैसे अर्धेच वसूल झाले असं समजा. इथलं खरं मोल डब्याच्या खिडकीबाहेर जितकं आहे, तितकंच इंजिनाच्या कॅबमध्ये, लूपवरच्या (गाड्या एकमेकींना वाट देतात त्या जागेवरच्या) केबिनमध्ये आणि पेंड्रे इथल्या इंजिनांच्या शेडमध्ये आहे.

थोडी पार्श्वभूमी, कारण आजच्या सोयी-गैरसोयी तिथूनच येतात. ब्रिन एग्लुइसच्या खाणीतला पाटीचा दगड खाली आणण्यासाठी १८६५ मध्ये ही लाइन बांधली गेली. पैसा मँचेस्टरच्या कापूस गिरणीवाल्या मॅक्कॉनेल कुटुंबाचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस मिळेना, म्हणून ते दगडाकडे वळले. १९११ मध्ये सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. १९४६ च्या डिसेंबरात खाण कोसळून बंद पडली, तरी मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, हा शब्द त्यांनी पाळला. १९४८ च्या ब्रिटिश रेल्वेंच्या राष्ट्रीयीकरणातून ही रेल्वे निसटली. शेजारची, त्याच गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढंच असलेली) कोरिस रेल्वे मात्र त्याच वर्षी बंद झाली. हेडन जोन्स जुलै १९५० मध्ये गेले, ऑक्टोबरात लेखक टॉम रोल्ट आणि मंडळींनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा घेतली, आणि १४ मे १९५१ ला नव्या संस्थेची पहिली गाडी सुटली. त्या वेळी चालू स्थितीत असलेलं इंजिन एकच होतं, १८६६ चं ‘डोलगोख’. रूळ जागेवर धरून ठेवण्याचं काम बऱ्याच ठिकाणी स्लीपरपेक्षा गवताची मुळं करत होती.

आता प्रवासाकडे. गेज २ फूट ३ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंच रुंद. डबे अरुंद आहेत, जुन्या चारचाकी डब्यांत गुडघ्याला गुडघा लागतो. दारं एकाच बाजूला उघडतात, दुसऱ्या बाजूची कायमची बंद. ही हौस नव्हे. १८६६ च्या तपासणीत सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर यांना आढळलं, की रस्त्याच्या पुलांखालची रुंदी ९ फूट १ इंच आहे. डब्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळी जागा हवी, ती तिथे दोन फूटही भरत नव्हती. पूल पाडून बांधायचे तर खर्च मोठा. मग मधला मार्ग निघाला: एका बाजूची दारं बंद करायची आणि पुलाखाली रूळ मध्यापासून थोडे सरकवायचे, म्हणजे उघडणाऱ्या बाजूला माणूस बाहेर पडू शकेल. आजही पुलाखालून जाताना गाडी एका भिंतीला खेटून जाते ती त्यामुळेच. व्यवहारात याचा अर्थ असा, की डबा भरलेला असेल तर बंद बाजूला बसलेल्याने उतरायला घाई करून उपयोग नाही. चढताना डावीकडे दरी दिसते, तेव्हा टाउइनला लवकर पोहोचून त्या बाजूची खिडकी धरावी.

डोलगोखचा तीन कमानींचा विटांचा पूल सुमारे ५१ फूट उंच आहे. गाडी त्यावरून जाते तेव्हा आतून तो फारसा कळत नाही. पूल बघायचा तर लगेच पुढच्या डोलगोख स्थानकावर उतरून पायवाटेने खाली जावं लागतं. धबधबेही तिथेच, चालत काही मिनिटांवर. पाऊस होऊन गेलेला असेल तर हा थांबा अजिबात चुकवू नका. मध्ये उतरून पुढची गाडी पकडायची असेल तर तिकीट काढतानाच तसं सांगावं आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्यावी. मोसमाच्या कडेच्या दिवसांत गाड्या विरळ असतात. शेवटची चुकली तर टॅक्सी शोधत बसावं लागेल.

डोलगोखलाच इंजिन पाणी भरतं. बहुतेक प्रवासी इथे खाली उतरून फोटो काढतात. जाणकाराने आग सांभाळणाऱ्या फायरमनकडे बघावं. पाणी भरताना तो दाब किती ठेवतो आणि आगीचा थर कसा पसरवतो, यावर पुढचा चढ ठरतो. इंजिनाची चिमणी नेहमी चढाकडे असते. उतरताना इंजिन खालच्या टोकाला जोडतात, पण उलटं फिरवत नाहीत. असं केल्याने चढावर बॉयलरमधलं पाणी मागे, फायरबॉक्सच्या म्हणजे आगीच्या पेटीच्या बाजूला येतं आणि फायरबॉक्सचं छत बुडालेलं राहतं. ते छत उघडं पडलं तर धातू तापून मऊ होतो. तसं होण्याआधी आग विझावी म्हणून छतात शिशाचा गाभा असलेली पेचाची खुंटी बसवलेली असते. ती वितळली म्हणजे दिवस संपला, आणि फायरमनची पंचाईतही. म्हणून काचेच्या नळीतल्या पाण्याकडे तो सारखा बघताना दिसेल. आबरगनोलविनच्या पुढचा शेवटचा टप्पा पूर्वी फक्त दगडाच्या वाघिणींचा होता. प्रवाशांसाठी तो मे १९७६ मध्ये खुला झाला. नांट ग्वेर्नोलला मोटाररस्ता नाही, फक्त पायवाटा. इंजिन सुटून वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत इथे करण्यासारखं काही नाही, दुकान नाही, चहा नाही. पाय धड असतील तर ही गाडी सोडून द्यावी, खाणीकडे चढणारा जुना उतारमार्ग बघावा आणि झाडीतून आबरगनोलविन स्थानकापर्यंत चालत यावं. तिथे कॅफे आहे. आमच्या मते संपूर्ण सहलीतला हा सर्वांत चांगला तास, आणि जाहिरातीत त्याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी.

गाडी वेळेवर सुटते का? सकाळची पहिली बहुधा सुटते, आणि त्यामागे किती काम असतं ते माहीत असलेलं बरं. थंड बॉयलर तापवायला तीन-चार तास लागतात. आधी काचेत पाणी किती आहे ते बघायचं, चिमणीखालच्या स्मोकबॉक्समधली काजळी आणि आदल्या दिवशीची राख काढायची, मग चिंध्या आणि लाकूड पेटवून हळूहळू कोळसा घालायचा. घाई केली तर फायरबॉक्स आणि बॉयलरच्या नळ्या वेगवेगळ्या गतीने फुगतात आणि नळ्यांची टोकं गळायला लागतात. मग दुरुस्ती आठवड्यांत मोजावी लागते. तोवर दुसरा माणूस प्रत्येक बेअरिंगला तेल देत फिरतो. दहाच्या सुमाराच्या गाडीसाठी शेडमध्ये पहाटेच कोणीतरी आलेलं असतं, आणि तो माणूस बहुधा पगारी नसतो.

कोळशाचा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. वेल्सचा कोळसा कमी धुराचा, लांब टिकणाऱ्या आगीचा. मर्थर टिडव्हिलजवळची फोस-इ-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यावर ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेंना बाहेरून आणलेला कोळसा किंवा दाबून केलेल्या गोळ्या वापराव्या लागतात. प्रत्येक इंधनाची आग वेगळी. एकाला जाड थर लागतो, दुसऱ्याला पातळ, आणि ज्या फायरमनचा हात एका कोळशावर बसलेला आहे त्याला सगळं पुन्हा शिकावं लागतं. खेंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, जाळीवर चिकटला की हवा अडते, दाब पडतो आणि गाडी चढावर मंदावते. एखाद्या दिवशी गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर कारण बरेचदा इथे असतं. दमट शरद ऋतूत ओली पानं रुळावर चिकटून चाकं घसरतात, तेव्हा वाळू टाकावी लागते. कोरड्या दिवसांत उलट चिंता, ठिणगीने कडेचं गवत पेटण्याची.

एकेरी मार्ग असल्यामुळे समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन पद्धत आहे. ज्या तुकड्याचं टोकन हातात नाही, त्या तुकड्यात ड्रायव्हर शिरत नाही. ब्रिनग्लास आणि क्वारी सायडिंगच्या लूपवर गाड्या एकमेकींना वाट देतात आणि तिथे टोकन सांभाळणारा ब्लॉकमन बसतो. टोकनची देवाणघेवाण खिडकीतून स्पष्ट दिसते, एवढं जवळून ती फार कमी ठिकाणी बघायला मिळते. इथे थांबावं लागलं तर कुरकुर करू नये, समोरची गाडी उशिरा आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता मुद्दा माणसांचा. एक गाडी चालवायला ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, लूपवरचे ब्लॉकमन, कंट्रोलचा माणूस, तिकीट खिडकी आणि कॅफे एवढी माणसं हवीत. यातले बहुसंख्य स्वयंसेवक, कार्यशाळा आणि कचेरी सांभाळणारा छोटा पगारी वर्ग वेगळा. फुकट काम म्हणजे ढिलं काम असं समजणाऱ्याने नियम वाचावेत. रेल्वे सुरक्षेचे २००६ चे नियम आणि रेल्वे व रस्ते नियामक कार्यालयाची देखरेख इथेही लागू आहे. फायरमन होण्याआधी इंजिन पुसण्यापासून सुरुवात, मग देखरेखीखाली फावडं, मग परीक्षा, मग ड्रायव्हरकी. याला वर्षं लागतात, आणि हीच या पद्धतीची दुखरी नस आहे. पात्र गार्ड ऐन वेळी आजारी पडला तर त्याची जागा उत्साही पण अपात्र माणसाने भरता येत नाही, गाडी रद्द होते. प्रवाशाला ते अन्यायाचं वाटतं, पण तेच बरोबर आहे.

तिकीट थोडं महाग वाटतं, विशेषतः कुटुंबाला. पैसा जातो कुठे, तर बॉयलरमध्ये. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी वाफेचं इंजिन पूर्ण सुटं करून तपासतात, आणि एका इंजिनाचा तो खर्च छोट्या रेल्वेचं कंबरडं मोडतो. शिवाय रूळ. ‘सर हेडन’ हे कोरिसकडून आलेलं इंजिन सुरुवातीला सारखं रुळांमध्ये खाली पडायचं. तपासल्यावर कळलं, की जुन्या कंपनीने गेज मुद्दाम सुमारे अर्धा इंच रुंद ठेवला होता, कारण ‘तालिलिन’ या पहिल्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर लांब होतं. जुन्या दोन्ही इंजिनांची चाकं रुंद असल्याने त्यांना ते चालायचं, ‘सर हेडन’ची चाकं अरुंद. इंजिनात खोट नव्हती. अशा गोष्टींमुळे मग मैलोन्मैल रूळ बदलण्याचं काम निघतं, तेही हिवाळ्यात, खडी आणि स्लीपर हाताने हलवत. ते काम तिकीट काढणाऱ्याला कधीच दिसत नाही.

ठरावीक इंजिनासाठी येणाऱ्यांनी त्या दिवशी कोणतं जोडलंय ते आधी विचारावं, पण हमी धरू नये. ‘टॉम रोल्ट’ जोडलेलं असलं तर नशीब समजा: आयर्लंडमध्ये पीट जाळणाऱ्या तीन फुटी गेजच्या इंजिनाच्या भागांतून ते घडवलं आणि १९९१ मध्ये सेवेत आणलं. ‘डग्लस’ मुळात दोन फुटी गेजचं होतं, तेही गेज बदलून या रेल्वेवर आणलं.

टाउइन व्हार्फ स्थानकावरचं अरुंद-गेज रेल्वे संग्रहालय लहान पण भरलेलं आहे, गाडी सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास काढून बघावं. उणीव एवढीच, की गोष्ट किती चांगली कळेल हे त्या दिवशी कोण भेटतं यावर फार अवलंबून आहे. एखादा ब्लॉकमन वीस मिनिटं समजावून सांगेल, दुसरा नम्रपणे टोकन दाखवून गप्प बसेल. पाट्या थोड्या जास्त हव्या होत्या. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी आधी फोन करून जागा ठरवून घ्यावी, जुन्या डब्यांची दारं अरुंद आहेत.

तिथे कसं जायचं: टाउइनचं मुख्य रेल्वे स्थानक कॅम्ब्रियन कोस्ट लाइनवर आहे आणि तालिलिनचं व्हार्फ स्थानक तिथून चालत काही मिनिटांवर. मोटार लागत नाही. मुख्य मोसम ईस्टर ते ऑक्टोबर. स्वयंसेवक व्हायचं असेल तर आधी सभासद व्हावं लागतं. इंजिनाचा हट्ट धरणाऱ्याला बराच काळ चिंधी हातात घेऊन थांबावं लागेल. रूळ-टोळीत, कॅफेत किंवा गार्डच्या प्रशिक्षणात माणूस लवकर कामाला लागतो. लहान मुलांसाठी ट्रॅकसायडर्स नावाचा वेगळा गट आहे, तो आई-वडिलांनी आवर्जून विचारावा.