सीलपॅक म्हणून दिलेला फोन पाच महिने आधीच चालू झालेला निघाला – ठाण्यात मोबाईल घेणाऱ्यांनी वाचा

गुढीपाडव्याला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका दुकानातून आईसाठी मोबाईल घेतला, साडेएकोणीस हजाराला. नवा, सीलपॅक, एक वर्षाची कंपनी वॉरंटी असं सांगून दिला. नोव्हेंबरमध्ये चार्जिंग बंद पडलं म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकून सांगितलं की वॉरंटी ऑक्टोबरमध्येच संपली, कारण फोन त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्येच चालू झालाय. म्हणजे आम्ही तो हातात घेतला त्याच्या जवळपास पाच महिने आधी. बोर्डचा खर्च साडेसात हजार सांगितला.

पैसे आईच्या भिशीचे होते. वर्षभर थोडे थोडे भरून नंबर लागला तेव्हा तिने ठरवलं की आता नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला नीट आवाजाचा, मोठ्या स्क्रीनचा फोन घ्यायचा. मला राग त्याचाच जास्त आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार ग्राहक आयोगात चालू आहे, पण कसं केलं ते सगळं लिहिते, कारण मी नंतर ऑफिसमध्ये आणि आमच्या घणसोलीच्या सोसायटीत हे सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी आपापल्या फोनची तारीख बघितली आणि त्यातल्या एकाचं आमच्यासारखंच निघालं, तोही स्टेशनजवळूनच घेतलेला, दुकान मात्र वेगळं.

मॉडेल मी आधीच ठरवून गेले होते. वीस हजाराच्या आत अमोलेड स्क्रीन, ५००० एमएएचची बॅटरी, डायमेन्सिटी ७३०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, आणि निदान तीन वर्षं तरी सिक्युरिटी अपडेट. आईला कॅमेऱ्याचं फार काही नव्हतं, आवाज मोठा हवा होता. ऑनलाईन मागवला असता पण तिला हातात धरून बघायचा होता, वजन, अक्षरं किती मोठी होतात, आणि पाडव्याला वस्तू घरात यावी असंही होतं. त्यात काय चुकीचं आहे, अर्धं ठाणं त्या दिवशी राम मारुती रोड आणि गोखले रोडला खरेदीला असतं.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा नेहमीचा प्रकार झाला. कंपनीचा टीशर्ट घातलेला मुलगा आला, तो दुकानाचा नसतो, त्या एका ब्रँडने ठेवलेला असतो आणि त्याला आपल्याच ब्रँडचा फोन खपवायचा असतो, हे लक्षात ठेवा. तो म्हणाला तुमचं मॉडेल संपलं, हा घ्या, ह्याच पैशात १६ जीबी रॅम. डब्यावर बघितलं तर ८ अधिक ८. ती वरची ८ रॅम नसतेच, स्टोरेजमधली जागा रॅमसारखी वापरतात, खऱ्या रॅमचा वेग तिला येत नाही. आणि प्रोसेसर डायमेन्सिटी ६३००, जो खालच्या रेंजचा आहे, ६ नॅनोमीटरचा, ७३०० हा ४ नॅनोमीटरचा. फोनचं नाव मात्र जवळजवळ सारखं, एकाच सिरीजचं, मागे फक्त एक अक्षर वेगळं, त्यामुळे माणसाला वाटतं तोच फोन आहे. मी नको म्हटलं तेव्हा मालक स्वतः पुढे आला आणि म्हणाला ताई थांबा, तुमचं मॉडेल गोडाऊनला एक पीस आहे, मागवून देतो, काकू तुम्ही बसा. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. किंमत ऑनलाईनपेक्षा हजार रुपयांनी कमी सांगितली.

आता इथून पुढे जे झालं ते नीट वाचा, कारण प्रत्येक गोष्ट त्या वेळी साधी वाटते आणि सगळ्या एकत्र ठेवल्या की मग दिसतं की ती तशी मुद्दाम केलेली असते.

डबा आला. मुलाने लांबून दाखवला, सील आहे बघा म्हणाला, आणि मी हात पुढे करेपर्यंत काउंटरच्या मागे नेला, का तर काकूंना टेम्पर्ड ग्लास फ्री लावून देतो, धूळ बसायला नको म्हणून आत लावावी लागते. दहा-पंधरा मिनिटांनी फोन बाहेर आला तो चालू होऊन, ग्लास लागून, कव्हर चढून. नवीन फोन पहिल्यांदा चालू केला की भाषा निवडा, वायफाय जोडा असं जे विचारतो ते आम्हाला दिसलंच नाही. वर म्हणाला सगळं सेटिंग करून दिलंय, आता फक्त जुन्या फोनमधलं आणायचं. आई खूश. गर्दी इतकी की मागून लोक खांद्यावरून हात घालून फोन मागतायत.

मग बिल. सर्व्हर डाऊन आहे ताई, पाडव्याचं लोड आहे, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पक्कं बिल पाठवतो, तोपर्यंत हे ठेवा, म्हणून एक छापील पावती दिली, वर एस्टिमेट लिहिलेलं. त्यावर मॉडेलचं नाव आणि रक्कम, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख नंबर) नाही, जीएसटी नंबर नाही. मी तिथेच बोलले की आयएमईआय टाका आणि पक्कं बिल द्या, तर म्हणतो पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील. हे सरळ खोटं आहे. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, पण डब्यावर जी एमआरपी छापलेली असते ती सगळे कर धरूनच असते, आणि दुकानदार जी किंमत सांगतो त्यातच तो कर बसलेला असतो. साडेएकोणीस हजारात साधारण तीन हजार रुपये कराचेच होतात. वेगळे मागायचा प्रश्नच येत नाही. मी वाद घातला तेव्हा बरं बरं पाठवतो म्हणाला. पाच हजार रोख घेतले, बाकीचे यूपीआयने. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर भावाचं अकाउंट आहे म्हणे. पक्कं बिल अर्थातच आलं नाही, चार वेळा मेसेज केले, दोन वेळा उद्या पाठवतो, मग नुसत्या निळ्या टिका.

फोन चांगला चालत होता त्यामुळे विषय मागे पडला. नोव्हेंबरमध्ये चार्जिंग गेलं आणि सगळं बाहेर आलं.

सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलीचे मी मनापासून आभार मानते, तिने टाळाटाळ न करता स्क्रीन माझ्याकडे वळवून तारीख दाखवली आणि सांगितलं की असे फोन त्यांच्याकडे येत राहतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाईन बँकेच्या कार्डावर दोन-अडीच हजाराची सूट असते, एका माणसाला एक-दोनच फोन मिळतात, म्हणून काही लोक ओळखीपाळखीच्या नावाने, वेगवेगळ्या पत्त्यांवर भरपूर फोन उचलतात आणि मग दुकानांना देतात. काही वेळा डिलिव्हरी बॉय समोरच डबा उघडून फोन चालू करून दाखवतो, ओपन बॉक्स डिलिव्हरी म्हणतात, मग सील तिथेच तुटलेलं असतं आणि दुकानात यायच्या आधी नवीन स्टिकर लागतो. सील मिळतं बाजारात, त्याला काही किंमत नाही. दुसरा प्रकार दुकानातच होतो, कंपनीची स्कीम किती फोन चालू झाले त्यावर असते तेव्हा महिनाअखेरीला टार्गेट भरायला न विकलेले फोनही चालू करून परत डब्यात ठेवतात. फोन दिसायला अगदी कोरा, स्क्रीनवर ओरखडा नाही. पण वॉरंटीचं घड्याळ त्या दिवसापासून सुरू.

मी फोन घेऊन दुकानात गेले. मालकाने ओळखच दाखवली नाही आधी. मग म्हणाला आम्ही विकतो फक्त, वॉरंटी कंपनीची. मग म्हणाला हा फोन आमच्याकडचाच कशावरून, पावतीवर नंबर कुठाय. बघा, पावतीवर आयएमईआय का लिहिला नव्हता ते इथे कळतं. मी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचेच मेसेज दाखवले ज्यात त्याने मॉडेलचं नाव घेऊन बिल पाठवतो लिहिलं होतं. तेव्हा आवाज खाली आला. आणि त्या रात्री त्याने, कदाचित मला गप्प करायला, एक पीडीएफ पाठवली, हे घ्या तुमचं बिल म्हणून.

त्या पीडीएफने तर तो स्वतःच अडकला. बिल ऑक्टोबरचं, घेणाऱ्याचं नाव भलत्याच माणसाचं, विकणाऱ्याचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा म्हणजे कर्नाटकातला, कर आयजीएसटी म्हणून, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकल्यावर लागतो तो, एकगठ्ठा १८ टक्के. ठाण्यातल्या दुकानाने ठाण्यातल्या गिऱ्हाइकाला विकलं तर नंबर २७ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा कोड, आणि कर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असा दोन ओळीत दिसतो. आणि त्या बिलावर आयएमईआय होता, आमच्याच फोनचा. म्हणजे हा फोन आधी दुसऱ्याने विकत घेतला होता हे त्याने लिहून दिलं.

१९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, मराठीतही बोलतात. पण खरं सांगायचं तर छोट्या दुकानाच्या बाबतीत त्यांचा जोर कमी पडतो, ते समोरच्याला कळवतात, तो उत्तर देत नाही, विषय तिथेच राहतो. तरी करा, पुढे तो नंबर कामी येतो. मग मी दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. वकील लावला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथा कोणत्या ते दिलंय, त्यात जुनी किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं आहे आणि विकल्यावर बिल न देणं हेही आहे. दोन्ही आमच्या बाबतीत झालेलं, तेच लिहिलं. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला, रिपेअरचे अर्धे पैसे देतो, मिटवा. आई म्हणाली घे आणि सोड, मी म्हटलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाईन तक्रार टाकली, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान दुसरीकडे असलं तरी. वेळ जातोय, तारखा पडतायत, ते आहेच.

फोन घ्यायला जाल तेव्हा एवढं करा, आणि पैसे द्यायच्या आधी करा. डबा हातात घ्या, बनवल्याचा महिना-वर्ष आणि आयएमईआय छापलेला असतो, दोन सिमचा असेल तर दोन नंबर, प्रत्येकी १५ आकडी. डबा न उघडताच तो नंबर कंपनीच्या साईटवर वॉरंटीच्या पानावर टाका, बहुतेक कंपन्यांचं असं पान आहे, चालू झालेला असेल तर वॉरंटीची तारीख तिथेच दिसते. दुकानदार म्हणेल नेट नाही, तुमचं नेट वापरा. मग इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, टेलिकॉम खात्याची सोय आहे, संचार साथी ॲपवरही होतं. पण एक लक्षात घ्या, त्यात चोरीचा, ब्लॉक झालेला किंवा नकली नंबरचा फोन कळतो, आमच्यासारखा खरा पण आधी चालू झालेला फोन त्यात व्यवस्थितही दाखवू शकतो. म्हणून नुसता एसएमएस करून समाधान मानू नका, वॉरंटीची तारीखच बघा.

सील स्वतःच्या हाताने तोडा, मोबाईलवर व्हिडिओ काढत तोडा, कुणी हसलं तर हसू द्या. फोन पहिल्यांदा स्वतः चालू करा, भाषा विचारणारी स्क्रीन दिसली पाहिजे, मग *#०६# दाबून नंबर डब्याशी जुळवा. ग्लास नंतर लावा, त्या दुकानात नाही लावली तरी चालते, पन्नास-शंभर रुपयाला कुठेही मिळते. बिलावर दोन्ही नंबर, आपलं नाव, २७ चा जीएसटी नंबर. सर्व्हर डाऊन असेल तर पैसे पण सर्व्हर चालू झाल्यावर. हप्त्यावर घेत असाल तर फायनान्सवाल्याने ओटीपी मागायच्या आधी कर्जाची एकूण रक्कम दाखवायला सांगा, फोनच्या किमतीत इन्शुरन्स आणि हेडफोन मिळवून कर्ज वाढवतात, आणि ओटीपी दिला की ते आपण मंजूर केलं असं धरतात.

स्टेशन परिसरातले सगळेच दुकानदार असे नाहीत, आमच्या बाबांनी वीस वर्षं एकाच दुकानातून वस्तू घेतल्या आणि कधी बिल मागावं लागलं नाही. पण आत्ता हे वाचताय तर घरातल्या ज्येष्ठांचे फोन आजच बघा, त्यांना असा फोन दिला तरी लवकर कळत नाही कारण ते सहसा सेटिंग स्वतः करत नाहीत. काही ब्रँडमध्ये सेटिंगच्या अबाउट फोनमध्येच वॉरंटीची तारीख असते, नसेल तर साईटवर नंबर टाका. घेतल्याच्या तारखेशी जुळली नाही तर आधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, पेमेंटचा आणि दुकानाशी झालेल्या मेसेजचाही काढा, दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा, आणि मग दुकानात जा, आधी नको.