आठ महिने थर्मल कॅमेरा : चकचकीत लगने केलेला घात

मोबाइलला जोडायचा, २५६ बाय १९२ पिक्सेलवाला. चार महिन्यांपूर्वी लिहायला बसलो असतो तर ‘पैसे पाण्यात’ एवढंच लिहिलं असतं.

भोसरीतल्या एका वर्कशॉपचं इलेक्ट्रिक पॅनेल या उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासलं होतं. वाय फेजच्या लगवर (केबलच्या टोकाला बसवलेला, बोल्टने आवळायचा धातूचा तुकडा) ४१ अंश, बाकी दोन फेजवर ३९. सगळं ठीक आहे, सांगून आलो. नवव्या दिवशी तोच लग जळला, मशीन दीड दिवस बंद. मालकांनी आवाजही चढवला नाही. "तुम्ही बघून गेला होतात ना?" एवढंच म्हणाले. ते अजून टोचतं.

कॅमेरा सर्व्हिसला पाठवला. तीन आठवडे गेले, दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या खिशातून, आणि उत्तर काय, तर ‘सेन्सर ओके’. फोनवर खूप भांडलो. शेवटी तिथला पोरगा म्हणाला, "काका, लग नवा, चकचकीत होता का?"

होता. रात्री जुना फोटो उघडला. लग ४१, पण त्याला लागूनच केबलचं पीव्हीसी आवरण ६७! तापलेलं डोळ्यांसमोर होतं आणि मी धातूवरचाच आकडा वाचत बसलो.

चकचकीत तांब्याची उत्सर्जकता (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो ते, ० ते १ मध्ये) ०.०५ च्या आसपास, काळ्या इन्सुलेशन टेपची ०.९५. म्हणजे असा धातू स्वतःची उष्णता जेमतेम दाखवतो. बाकी सगळं समोरच्याचं प्रतिबिंब. आपण वाकलो की लगवरचा गरम ठिपका सरकतो, तो आपल्याच तोंडाचा असतो. ॲपमध्ये ०.०५ टाकून पाहिलं, आकडे नुसते उड्या मारतात. काळवंडलेला जुना बसबार, म्हणजे पॅनेलमधली वीज वाहून नेणारी धातूची पट्टी, त्यापेक्षा खूपच खरं सांगतो. पॅनेलचं ॲक्रिलिक कव्हर मात्र काढावंच लागतं, त्यातून कॅमेऱ्याला आतलं दिसत नाही.

आता शटडाऊन मिळाला की सप्लाय बंद असल्याची खात्री करून प्रत्येक जॉइंटवर इंचभर काळी टेप लावतो. चालू पॅनेलमध्ये टेप लावायला हात घालायचा नाही, कोणी कितीही घाई करो. लोड आल्यावर अर्ध्या तासाने, लांबूनच फोटो.

बॅटरी खातो, कुरिअरचे पैसे गेले ते गेलेच. तरी कॅमेरा चांगला आहे, माझं आधीचं मत मागे घेतो.

मागच्या महिन्यात त्याच मालकांच्या पॅनेलवर बी फेजला टेपवर ७४ आणि टेपच्या कडेला उघड्या धातूवर ४१ दिसले. त्यांना बोलावून स्क्रीन दाखवली. सप्लाय बंद करून बोल्ट आवळला. तासाभराने टेपवर ४६.