लसीनंतर कायमची इजा झाली: निधीकडे अर्ज करावा की कोर्टात जावं?

घरातल्या कुणाला लस घेतल्यानंतर इजा झाली आणि ती लसीमुळेच झाली असं वाटत असेल, तर भरपाई मागायच्या मुख्यतः दोन वाटा असतात. जिथे सरकारने भरपाई निधी ठेवलाय तिथे त्याच्याकडे अर्ज करायचा, नाहीतर लस बनवणाऱ्यावर किंवा देणाऱ्यावर कोर्टात दावा लावायचा. निधीची वाट सोपी आणि कोर्टात पैसा जास्त, एवढा हिशेब करून बरेच जण निर्णय घेतात. मला तो अपुरा वाटतो. तुम्हाला नेमकं काय सिद्ध करावं लागणार आहे, हे आधी पाहा.

निधी सहसा चूक कुणाची हे विचारतच नाही. लस नीट बनवलेली असते, नीट टोचलेली असते, तरी क्वचित एखाद्याला गंभीर इजा होते. सगळ्यांच्या भल्यासाठी चाललेल्या लसीकरणाचा भार त्या एका घरावर पडू नये, हा त्यामागचा विचार. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्येच अशी योजना आणली. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला, अमेरिकेची योजना १९८६ च्या कायद्याने आली आणि १९८८ पासून चालू झाली. तिचा पैसा लसीच्या डोसवरच्या करातून येतो.

तरीही इजा लसीमुळेच झाली हे दाखवावं लागतंच, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात. आधी लस आणि मग आजार, एवढा क्रम पुरेसा नाही. लाखो लोक लस घेतात, त्यातल्या काहींना त्याच आठवड्यात काहीतरी होणारच होतं. अमेरिकेत यासाठी एक अधिकृत तक्ता आहे. फ्लूच्या लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत गीयाँ-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार), धनुर्वाताच्या लसीनंतर ४ तासांत तीव्र ॲलर्जी, सुई चुकीच्या जागी गेल्याने ४८ तासांत सुरू झालेली खांद्याची इजा, अशा नोंदी त्यात आहेत. तुमची केस तक्त्यात बसली की कारण लसच असं गृहीत धरतात आणि ते खोडण्याची जबाबदारी सरकारवर येते. बसली नाही तर तज्ज्ञाकरवी तीन गोष्टी मांडाव्या लागतात: लसीने असं का होऊ शकतं, याच माणसाच्या बाबतीत ते तसंच घडलं याची सुसंगत साखळी, आणि काळाचा मेळ.

कोर्टात हे सगळं तर लागतंच, वर कुणाची तरी चूक किंवा लसीतला दोष दाखवावा लागतो. ॲलर्जीची नोंद केस पेपरवर असताना तीच लस दिली, डोस चुकला, लस नीट थंड ठेवली नव्हती, असं काही हाताशी असेल तर कोर्टाची वाट खरी. नसेल तर ती फार खडतर आहे. अमेरिकेत तर लसीच्या मूळ रचनेतच दोष आहे असा दावा योजनेतल्या लसींच्या कंपन्यांवर लावता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

आता पैसा. ब्रिटनमध्ये एकरकमी १,२०,००० पौंड मिळतात, पण अपंगत्व किमान ६० टक्के हवं. ५५ टक्के ठरलं तर काहीच नाही. ही अट मला निर्दय वाटते. ५५ टक्के अपंगत्व घेऊन जगणाऱ्याचा खर्च काही थांबत नाही. अमेरिकेत वेदना आणि मनस्तापासाठी २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, मात्र उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई वेगळी मिळते. शिवाय दावा प्रामाणिक आणि साधार असेल, तर हरल्यावरही वकिलाची फी योजनाच देते. कोर्टात रक्कम मोठी होऊ शकते, पण तज्ज्ञ, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा आल्याच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो, ते आजारी माणूस घरात असताना जास्तच जाणवतं.

सगळ्यात घातक ठरते ती मुदत. अमेरिकेच्या मुख्य योजनेत पहिल्या लक्षणापासून ३ वर्षं. कोविडच्या लसींसाठी तिथे वेगळी योजना लागू झाली, तिच्यात लस घेतल्यापासून फक्त १ वर्ष, आणि वकिलाची फीही नाही. ब्रिटनमध्ये लसीनंतर ६ वर्षं किंवा वयाची २१ वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. निदान व्हायलाच कित्येक महिने जातात, म्हणून पक्कं निदान झाल्यावर पाहू म्हणत थांबू नका.

दोन्ही वाटा धरता येतात का, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये निधीचे पैसे घेतले तरी दावा लावता येतो. अमेरिकेत आधी योजनेकडेच जावं लागतं. योजनेचा निकाल तुम्ही नाकारला तर कोर्ट मोकळं, भरपाई स्वीकारली तर कंपनीवरचा दावा संपला. त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला एवढा एकच प्रश्न विचारला तरी चालेल: हे पैसे घेतल्यावर माझा कोणता हक्क जातो?

ठळक चूक दिसत नसेल आणि निधी उपलब्ध असेल, तर मी आधी निधीकडेच जायला सांगेन. कुठेही गेलात तरी कागद तेच लागतात: लसीचं नाव आणि बॅच नंबर, दिल्याची तारीख, कोणत्या हाताला दिली, डिस्चार्ज कार्ड, आणि लसीच्या आधीच्या तब्येतीचे केस पेपर. हे शेवटचे कागद बहुतेक जण विसरतात. त्रास आधीपासून नव्हता, हे त्यांच्यावरूनच दिसतं.