नऊ महिने फुकट खेळल्यावर: खेळ झकास, बॅगेनं मात्र रक्त आटवलं

मागच्या महिन्यात ऑनलाइन खेळातली माझी काठी गेली. चोरीला गेली नाही, तुटली नाही, मी विकलीही नाही. खेळानेच दिलेली काठी खेळानेच गिळली आणि वर 'नियमानुसार' म्हणून मोकळा झाला. त्या रागात हा अनुभव लिहायला घेतला. लिहिता लिहिता काही गोष्टी बदलल्या, त्या जिथल्या तिथे सांगेन. आधीचा राग खोडलेला नाही.

खेळाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की त्याचे भक्त भांडायला येतात आणि मुद्दा राहतो बाजूला. फुकट, ऑनलाइन, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एकाच अकाउंटने चालणारा, तलवारी-जादू-ड्रॅगनवाला, एवढं पुरे. क्लास (पात्रांचे प्रकार) किती, नकाशा केवढा, ग्राफिक्स कसे हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार.

मी हीलर आहे, म्हणजे लढाईत सोबत्यांना बरं करणारी. रोज साधारण दीड तास खेळते, सुट्टीला जास्त. पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की यावर दमडी खर्च करायची नाही, आणि ते आजतागायत पाळलंय. यात तत्त्व कमी, चिकटपणा जास्त.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. रात्री कॉम्प्युटरवर सोडलेलं पात्र सकाळी फोनवर त्याच झाडाखाली उभं असतं. यात आता नवल राहिलेलं नाही म्हणा. ओल्ड स्कूल रूनस्केप २०१८ पासून फोनवर आहे, अल्बियन ऑनलाइन २०२१ पासून, आणि दोन्हीकडे फोनवाले नि कॉम्प्युटरवाले एकाच जगात फिरतात. तरी पहिले दोन आठवडे मला त्याचंच अप्रूप होतं. खेळताना डेटाही फार जात नाही, कारण चित्रं, आवाज, नकाशे आधीच फोनमध्ये उतरलेले असतात. ये-जा होते ती फक्त कोण कुठे उभं आहे आणि कोणी काय दाबलं याची. डेटा खातात ते अपडेट. शिवाय अपडेट आधी उतरतो, मग सुटा होतो, म्हणून फोनमध्ये त्याच्या आकाराहून बरीच जास्त मोकळी जागा ठेवावी लागते. मी दोनदा अर्ध्यात अडकले, दोन्हीदा फोटो उडवून जागा केली.

एक सावधगिरी: रेड (बॉस म्हणजे दांडग्या शत्रूशी मिळून लढायची मोहीम) चालू असताना वायफाय सोडून मोबाइल डेटावर जाऊ नका. तुमचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो, जोडणी तुटते आणि तुम्ही बॉससमोर पुतळ्यासारखे उभे राहता. हीलरचा पुतळा झाल्यावर बाकीच्यांचं काय होतं ते सांगायला नको.

तसाही फोनवर हीलर खेळणं म्हणजे शिक्षा आहे. कॉम्प्युटरवर माझे बारा मंत्र बारा कळांवर बसवलेले आहेत, बोटं आपोआप जातात. फोनवर सहाच बटणं दिसतात, उरलेली सहा दुसऱ्या पानावर. कुणाला बरं करायचं ते निवडायला डाव्या कडेला पाच नावांची पट्टी, एकेक नाव करंगळीच्या नखाएवढं. एकदा टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) शेवटच्या घटका मोजत असताना माझा अंगठा तीन वेळा त्याच्या खालच्या तिरंदाजावर पडला. तिरंदाज ठणठणीत, टँक आडवा. तेव्हापासून फोनवर फक्त किरकोळ कामं: औषधी गवत उपटणं, मासे पकडणं, बाजारातले भाव बघणं. रेड कॉम्प्युटरवरच. आणि पाऊण तासाने फोन तापून चित्र अडखळायला लागलं तर फोनला दोष देऊ नका. तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो. ग्राफिक्स मध्यमवर आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर ठेवलं की निभतं.

झालं. आता बॅग.

नव्या खेळाडूच्या बॅगेत सामान ठेवायला तीस स्लॉट, म्हणजे कप्पे, मिळतात. चौथ्या दिवशी माझे भरले. या खेळात जमिनीवर उगवणारं, पाण्यात पोहणारं, मेलेल्याच्या खिशात सापडणारं प्रत्येक काही तरी उचलता येतं, आणि प्रत्येकाला वेगळा स्लॉट. लाल मुळी वेगळी, वाळलेली लाल मुळी वेगळी. आठ स्लॉट वाढवायचे तर २०० हिरे (खेळातलं चलन). पुढचे आठ ३०० ला, त्यापुढचे ४०० ला. फुकट्याला हिरे मिळतात रोजच्या हजेरीचे, दिवसाला पाच. म्हणजे पहिल्या आठ स्लॉटांसाठी चाळीस दिवस न चुकता हजेरी. शाळेतही माझी इतकी हजेरी नव्हती.

बॅग भरल्याक्षणी स्क्रीनच्या मधोमध दुकान उघडतं. आधी नाही, नंतर नाही, बरोबर त्याच क्षणी. हिऱ्यांची पेटी, त्यावर उलटी मोजणी चालू असलेलं घड्याळ, आणि बंद करायची फुली कोपऱ्यात इतकी बारीक की फोनवर दोनदा तरी चुकून आत जायला होतं.

जागा विकणं हे काही या एकाच खेळाचं पाप नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन २००९ मध्ये आणि लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन २०१० मध्ये मासिक वर्गणीवरून फुकटवर आले. दारावरचं तिकीट गेलं आणि दुकान आत आलं. गिल्ड वॉर्स २ चा मूळ भाग २०१५ पासून फुकट आहे, पण फुकट अकाउंटला बॅगा अडकवायच्या जागा विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी. पाथ ऑफ एक्झाइल फुकट आहे, दुकानात तिजोरीचे जादा कप्पे विकायला आहेत. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये तर वर्गणी भरली की कच्च्या मालासाठी तळच नसलेली पिशवी मिळते. या सगळ्याच्या उलट ओल्ड स्कूल रूनस्केप: तिथे अंगावर वागवायला सगळ्यांनाच २८ जागा, पैसे भरा नाहीतर नका भरू. ते मला मान्य आहे. सगळ्यांना सारखी असेल तर ती अट खेळाची. मला एकटीला असेल तर तो जकात नाका.

मध्यंतरी, चौथ्या महिन्यात, माझं मत जरा मवाळ झालं होतं. बाजारात रोज सकाळी लाल मुळी स्वस्त का असते याचा विचार करत होते, तेव्हा लक्षात आलं की रात्रभर खेळलेल्यांच्या बॅगा भरलेल्या असतात आणि ते सकाळी मिळेल त्या भावाला फुंकून टाकतात. बॅग अथांग असती तर कुणी काही विकलंच नसतं, सगळे साठवत बसले असते आणि माझ्यासारखीला बाजारात मुळी मिळाली नसती. म्हणजे तंगी आहे म्हणून बाजार आहे. हे पटलं, आणि महिनाभर मी गिल्डमध्ये (एकत्र खेळणाऱ्या आमच्या टोळीत) बॅगेची वकिली करत फिरले. ते शब्द आज मागे घेते. पूर्ण नाही, पण बरेचसे.

कारण तोवर मी माळे बांधले होते. एका अकाउंटवर चार पात्रं करता येतात. मी हीलरशिवाय आणखी तीन केली आणि त्यांची नावं ठेवली माळा, पोटमाळा आणि अडगळ. तिघंही पहिल्या गावाच्या वेशीवर, पहिल्या लेव्हलवर, मिळाल्या त्याच फाटक्या कपड्यांत उभी. प्रत्येकाची बॅग तीस स्लॉटांची. माळ्यावर गवत-मुळ्या, पोटमाळ्यावर धातू, आणि अडगळीत सणासुदीच्या टोप्या, ज्या कधी घालणार नाही पण टाकवत नाहीत. एका नवख्याने अडगळीला बराच वेळ हात हलवून दाखवला, बिचाऱ्याला वाटलं जिवंत खेळाडू आहे. मी योगायोगाने तेव्हाच टोपी ठेवायला आले होते. त्याला दोन टोप्या देऊन टाकल्या.

युक्ती भारी वाटली होती. मग एकदा हिशेब केला. एक बाटली हवी तर हीलरमधून बाहेर, लोडिंग, माळा उघड, बाटली टपालात टाक, बाहेर, लोडिंग, हीलर, टपाल उघड, बाटली घे. दिवसाला सगळं मिळून पंधरा मिनिटं धरली तरी नऊ महिन्यांत सदुसष्ट तासांच्या वर जातं. सदुसष्ट तास मी खोटं सामान लावत बसले होते. आमचं खरं कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात.

नशिबाच्या पेट्यांबद्दल (आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायच्या) दोन वाक्यं, कारण कुणीतरी विचारेलच. मी घेत नाही. शक्यतेचे आकडे खेळात आत खोल कुठेतरी दिलेले आहेत (ॲपलने डिसेंबर २०१७ पासून ते सांगणं बंधनकारक केलं), ते वाचलेत तर तुम्हीही घेणार नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं.

तर काठी. दलदलीतल्या बॉसकडून ती पडण्याची शक्यता दोन टक्के. 'पन्नास फेऱ्या केल्या की मिळणारच' असं गिल्डमधलं कुणी सांगत असेल तर त्याचं गणित कच्चं आहे. पन्नास फेऱ्यांनंतरही शंभरातले छत्तीस जण रिकाम्या हातीच असतात. मला एकाहत्तराव्या फेरीला मिळाली. सोनेरी उजेड पडला, चॅटमध्ये सगळे ओरडले, आणि गिल्डप्रमुखाचं वाक्य आलं, "ताई, बॅग!!"

५४ पैकी ५४ स्लॉट भरलेले. जागा नाही म्हणून काठी टपालात गेली.

इथे माझी चूक मान्य करते. काठी वापरायला साठावी लेव्हल लागते, मी सत्तावन्नवर होते. म्हटलं, राहू दे टपालातच, फुकटचा पंचावन्नावा स्लॉट. पुढचे आठ स्लॉट ५०० ला होते आणि माझ्याकडे जेमतेम २०० हिरे. टपालाला तीस दिवसांची मुदत असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कॉम्प्युटरवर प्रत्येक टपालाच्या उजवीकडे किती दिवस उरले ते दिसतं, आणि फोनवर तो रकानाच नाही. नुसता लाल ठिपका, जो माझ्या फोनवर कायमच असतो. त्या महिन्यात कामाच्या धबडग्यात कॉम्प्युटरला हात लागला नाही. एकतिसाव्या दिवशी ठिपका गेला. मला आधी बरंच वाटलं, एकदाचं टपाल मोकळं झालं म्हणून.

तक्रार केली. पहिलं उत्तर दोन मिनिटांत: ॲप काढून पुन्हा टाका. दुसरं दुसऱ्या दिवशी: टपालाची मुदत संपल्यावर वस्तू नियमानुसार नष्ट होतात, खेळाचा आनंद घेत राहा. तिसऱ्या वेळी मी शब्द कमी केले. दुसरं एक टपाल घेतलं, त्याचा एक स्क्रीनशॉट फोनचा आणि एक कॉम्प्युटरचा, दोन्ही शेजारी ठेवले, आणि खाली एवढंच लिहिलं: मुदत कुठे दिसते ते फोनच्या चित्रात दाखवा. मग नऊ दिवस शांतता.

या नऊ दिवसांत जे झालं त्यामुळे मी खेळ काढून टाकला नाही. गिल्डमधल्या तिघांनी न सांगता रोज रात्री दलदलीत यायला सुरुवात केली. त्यांना त्या बॉसकडून काहीच नको होतं, त्यांच्याकडे सगळं होतं. टँक म्हणायचा, "ताई, झोपायच्या आधी अजून तीन फेऱ्या." बावीस फेऱ्या झाल्या. काठी पडली नाही. आधीच्या हुकलेल्या फेऱ्या पुढच्या फेरीला काही मदत करत नाहीत, दरवेळी तेच दोन टक्के. पण पंधराव्या फेरीनंतर तो तिरंदाज, तोच नको तेव्हा बरा झालेला, म्हणाला की त्या रात्री मी चुकून त्याला बरं करत होते म्हणूनच तो वाचला होता आणि त्याने शेवटचा बाण मारून बॉस पाडला होता. मला हे माहीतच नव्हतं. मी टँकच्या प्रेताकडे बघत बसले होते.

हे सगळं फुकट मिळालं. म्हणून पाचपैकी चार तारे. बॅगेला वेगळे तारे देता आले असते तर तिचा त्यातून अर्धा कापला असता.

ताजी भर: काल उत्तर आलं, या वेळी माणसाने लिहिलेलं. फोनवर मुदत दिसत नाही ही त्रुटी आहे, पुढच्या अपडेटमध्ये रकाना टाकू, तुमची काठी परत देत आहोत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मला खरंच अपेक्षा नव्हती. 'कंपन्या ऐकत नाहीत' असं या लेखात आधी एक अख्खं कडवट वाक्य होतं, ते काढलं. हे एकच खोडलं.

आनंदाने खेळ उघडला. बॅग भरली आहे, वस्तू टपालात पाठवली आहे. कॉम्प्युटरवर जाऊन मुदत बघितली तर भरपाईच्या टपालाला तीस नाही, सातच दिवस. माळा भरलाय, पोटमाळा भरलाय. अडगळीत जागा करायची तर पहिल्या दिवाळखोर आठवड्यात मिळालेली ती मोडक्या शिंगांची टोपी टाकावी लागेल. सहा दिवस चार तास उरलेत.