मागे बसलेल्या कुत्र्याला किती उकडतंय? ब्लूटूथ सेन्सर की वायरवाला प्रोब

डॅशबोर्डवर दिसणारा तापमानाचा आकडा बाहेरचा असतो, त्याचा सेन्सर पुढच्या बंपरपाशी बसवलेला असतो. ऑटो एसी असेल तर त्याचा सेन्सर डॅशबोर्डात, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास. डिकीत काय चाललंय याचा दोघांनाही पत्ता नसतो. मागची सीट पाडून, जाळी लावून किंवा क्रेट ठेवून कुत्रा नेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे गार वाटत असतं तेव्हा मागे, जिथं एसीचं तोंडच नाही तिथं, माझ्या अनुभवात सहज तीन-चार अंश जास्त असतात. काचेतून ऊन येत असेल तर विचारूच नका. मुंबईहून पुण्याला दुपारी निघालात की मागची काच जवळजवळ सगळा वेळ उन्हात. पुण्याहून कोल्हापूरला जाताना दुपारनंतर उजवी बाजू भाजते.

एक विषय आधीच बाजूला काढतो. इथली तुलना चालत्या गाडीसाठी आहे, ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून बंद केलेल्या गाडीसाठी नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००५ साली आलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेलं दिसलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. अमेरिकेतल्या पोलीस श्वानांच्या बऱ्याच गाड्यांत तापमान चढलं की काच आपोआप उतरते, पंखा सुरू होतो, सायरन वाजतो. टेस्लाने २०१९ मध्ये ‘डॉग मोड’ आणला तोही एसी चालू ठेवतो. म्हणजे तिथं यंत्र काहीतरी करतं. आपण जे विकत घेतो ते फक्त सांगतं, आणि सांगितलेलं ऐकायला गाडीत माणूस लागतो.

मागचं तापमान पुढे कळायला बाजारात चार वाटा आहेत, त्यांतल्या दोन पटकन निकालात काढता येतात.

सिमकार्डवाले मॉनिटर अमेरिकेत मोटारहोमवाले सर्रास वापरतात, पण ते तिथल्या मोबाईल नेटवर्कसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे फ्लीटवाल्यांचे जीपीएस ट्रॅकर तापमानाच्या सेन्सरसह मिळतात. शीतगृहाच्या ट्रकसाठी ते उत्तम. त्यांतले स्वस्त बरेचसे टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जी नाहीच, हे सिम घेतल्यावर कळतं. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज गेली की संदेश अडकतो. शिवाय दोन मीटरवर बसलेल्या ड्रायव्हरला बातमी सर्व्हरमार्गे का पोचावी, हे मला कधी पटलेलं नाही.

दुसरी वाट ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ जोडीची: मागे सेन्सर, पुढे छोटा पडदा, घरगुती वेदर स्टेशनसारखी. ही वाईट नाही. फोन लागत नाही हा मोठा फायदा. पण बहुतेक संच तीस सेकंद ते मिनिटभराने एकदा आकडा पाठवतात, रात्री पडदा दिसायला बटण दाबून दिवा लावावा लागतो, आणि सेल बदलले की जोडी पुन्हा जुळवावी लागते. साधे अल्कलाइन सेल एप्रिलच्या उन्हात गाडीत पडून राहिले तर गळतात आणि सेन्सरचे पाय हिरवे करतात. प्रवास संपला की सेल काढून ठेवायची सवय असेल तरच घ्या.

उरले दोन, ब्लूटूथ सेन्सर आणि वायरवाला प्रोब (लांब वायरच्या टोकाला बसवलेला छोटा सेन्सर), आणि खरी निवड यांच्यातच आहे.

ब्लूटूथ सेन्सर कुणालाही आधी आवडतो. काडेपेटीएवढा, वायर नाही, क्रेटच्या जाळीला झिप-टायने बांधला की झालं. आर्द्रताही दाखवतो, ही त्याची खरी जमेची बाजू. कुत्रा धापा टाकून, तोंडातली ओल हवेत सोडून अंग गार करतो. हवाच दमट असेल तर धाप लागते पण गारवा मिळत नाही. म्हणून एसीविना, काचा उघड्या ठेवून कोकणात जाताना ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता ही सोलापूरकडच्या कोरड्या ३४ पेक्षा वाईट ठरू शकते. नुसतं तापमान बघणाऱ्याला हे कळणार नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आणखी आधी त्रास होतो. एसी चालू असला की मात्र आतली हवा कोरडीच राहते आणि आर्द्रतेच्या आकड्याचा फारसा उपयोग उरत नाही.

सेन्सरची अचूकता हा मुद्दा मी धरतच नाही. दोन्ही प्रकार अर्ध्या अंशाच्या आसपास पुरेसे बरोबर असतात. फरक पडतो तो वेळेत. प्लॅस्टिकच्या डबीतला सेन्सर स्थिर हवेत काही मिनिटं मागे असतो, छोट्या टोपीचा प्रोब त्यापेक्षा लवकर हलतो. हेही सांभाळून घेता येतं.

सांभाळून घेता येत नाही ती शिळा आकडा दाखवायची खोड. ब्लूटूथचा इशारा वाजण्यासाठी ॲप मागे जिवंत असावं लागतं. गाडीत फोनवर नकाशा चालू असतो, गाणी चालू असतात, मधे फोन येतो, आणि बॅटरी वाचवणारं अँड्रॉइड मागे पडलेल्या ॲपला झोपवतं. त्यानंतर ॲप उघडलं की वर २६.४ असा आकडा ठसठशीत असतो. तो आत्ताचा की लोणावळ्याच्या अलीकडचा, हे कळायला खाली बारीक अक्षरात लिहिलेली वेळ वाचावी लागते, आणि काही ॲपमध्ये तीही नसते. मधे लॅब्रेडोर सेन्सरला अंग लावून झोपला तरी हेच होऊ शकतं, कारण ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात शोषला जातो आणि कुत्र्याचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. जोडणी तुटल्याचा इशारा काही ॲप देतात, काही देत नाहीत. दोन्ही वेळी गाडीत शांतता असते. ती ‘सगळं ठीक आहे’ची शांतता की ‘मला काही माहीत नाही’ची, हे ड्रायव्हरला ओळखता येत नाही.

उपाय आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, लोकेशन चालू ठेवा, ‘रिसेंट’च्या यादीत ॲपला कुलूप लावा, ड्रायव्हिंग मोडमुळे सूचनांचा आवाज बंद होत नाही ना ते तपासा. मग सेन्सर मुठीत धरून इशाऱ्याच्या आकड्यापलीकडे तापवा आणि फोन खिशात, पडदा बंद असताना वाजतो का बघा. हे सगळं केलं की बराच काळ नीट चालतं. पण सिस्टीमचं अपडेट आलं की यातलं एखादं सेटिंग पुन्हा मूळ जागी जाऊ शकतं, आणि आपण तपासायला विसरतो.

वायरवाला प्रोब दिसायला गावठी आहे. डब्ल्यू-१२०९ नावाचा १२ व्होल्टचा थर्मोस्टॅट बोर्ड लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत दीडशे-दोनशेच्या घरात मिळतो. त्यावर तीन आकड्यांचा लाल पडदा, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा) प्रोब असतो. सोबतची वायर जेमतेम फूटभर असते, ती वाढवावी लागते. दोन तारांची साधी बारीक वायर चार-पाच मीटर जोडली तरी आकड्यात फरक पडत नाही. चाळिशीच्या आसपास या थर्मिस्टरचा रोध एका अंशाला दोनशे ओहमच्या आसपास बदलतो, आणि पाच मीटर जोडवायरीचा स्वतःचा रोध एक-दोन ओहम. सांधे मात्र झाळून त्यावर हीटश्रिंक नळी चढवा. नुसत्या पिळलेल्या सांध्यात ओल शिरली की आकडा नाचायला लागतो.

जोडणी सोपी आहे. १२ व्होल्टच्या सॉकेटमधून एक ॲम्पिअरच्या फ्यूजमार्गे बोर्डाला वीज. त्याच धन टोकातून एक तार रिलेच्या के-झीरो टोकाला, के-वन टोकातून १२ व्होल्टच्या बझरला, बझरचं दुसरं टोक ऋणाला. मग सेट बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे पी-झीरोपासून पी-सिक्सपर्यंतची सेटिंगं उघडतात. पी-झीरोला ‘सी’ निवडा, म्हणजे तापमान वर गेल्यावर रिले लागेल. ‘एच’ राहिलं तर बझर गार असताना वाजतो आणि माणसं बोर्ड खराब म्हणून परत करतात. पी-वन म्हणजे बझर लागण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानातला फरक; तिथं मूळ दोन अंश असतात, ते एक करा, नाहीतर बझर थांबायला फार वेळ घेतो. पी-फाइव्हला, म्हणजे रिले लागण्याआधीच्या विलंबाला, एक मिनिट ठेवा म्हणजे दार उघडल्यावर आलेल्या झळेने तो ओरडणार नाही. पी-सिक्स, म्हणजे कमाल तापमानाची मर्यादा, बंदच ठेवा. तो लावला तर मर्यादा ओलांडल्यावर पडद्यावर तीन आडव्या रेघा येतात आणि रिलेच सुटतो, म्हणजे ऐन वेळी बझर गप्प. बर्फाच्या पाण्यात प्रोब बुडवून शून्य येतं का बघा. फरक असेल तर पी-फोरमध्ये दुरुस्त करा.

इशारा कितीला लावायचा? कुत्र्याचं स्वतःचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या पुढे उष्माघाताचा धोका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमांत रस्त्याने कुत्री नेताना आतलं तापमान २९.५ ला पोचलं की पंखा किंवा एसी सक्तीचा आहे आणि त्यापुढे चार तासांहून जास्त राहता कामा नये. हा आकडा उसना घ्यायला हरकत नाही. मी २९ सुचवेन, चपट्या नाकाच्या, म्हाताऱ्या किंवा लठ्ठ कुत्र्यासाठी २७.

प्रोबची जागा चुकली तर दोन्ही प्रकार सारखेच खोटे बोलतात. कुत्रा आडवा असताना डोकं जिथं असतं त्या उंचीवर, क्रेटच्या बाहेरून, जाळीपासून चार बोटं लांब. काचेला, पत्र्याला, छताला टेकवू नका. ऊन थेट पडत असेल तर पांढऱ्या, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत घाला. वायर दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीखालून न्या. खांबांच्या आवरणातून आणि छताच्या कडेने नेऊ नका, तिथं पडदा-एअरबॅग असते. सीटच्या रुळाखालूनही नको, सीट सरकवली की वायर कापली जाते. डिकीतला हातभर भाग कुत्र्याच्या तोंडाला सापडणारा, त्याला वळ्यावळ्यांचा कॉरुगेटेड पाइप घाला.

हे सगळं करायला अर्धी दुपार जाते, हे मान्य. बोर्ड उघडा असतो, त्याला डबी करावी लागते, भर उन्हात लाल आकडे फिके दिसतात. डबीसकट हवा असेल तर एक्सएच-डब्ल्यू-३००१ घ्या, पण पाठीवर १२ व्होल्ट लिहिलंय ना ते वाचून. हुबेहूब तसाच २२० व्होल्टचाही मिळतो. बऱ्याच गाड्यांत सॉकेटची वीज चावीबरोबर जाते, म्हणजे गाडी बंद झाली की हाही बंद. ही तुलना चालत्या गाडीपुरतीच असल्याने मला ते चालतं. प्रोबची वायर तुटली तर बझर वाजत नाही, हा खरा दोष आहे. पण तेव्हा पडद्यावर आकड्याच्या जागी एल-एल-एल येतं. आरशात बघावं तसं अधूनमधून त्याच्याकडे लक्ष जातं आणि जे दिसतं ते आत्ताचं असतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

तरी सगळ्यांना हेच घ्या म्हणणार नाही. गाडी भाड्याची असेल, दोन-तीन गाड्यांत कुत्रा जात असेल, वॉरंटीतल्या नव्या गाडीत वायर ओढायची नसेल किंवा एसी न लावता कोकणातच जाणं-येणं असेल तर ब्लूटूथ बरा. आर्द्रतेसाठी तो लागेलच. फक्त त्याचा स्वतःचा पडदा असलेला घ्या आणि शेजारी बसणाऱ्याने वळून तो वाचावा, इशाऱ्यावर विसंबू नये. जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर त्यावर फक्त ते ॲप ठेवून, चार्जरला लावून डॅशबोर्डवर ठेवता येतो. अर्धा त्रास जातो. मात्र फोन उन्हात तापून स्वतःच बंद पडतो, म्हणून एसीच्या तोंडासमोरच्या स्टँडवर लावा.

बझर वाजला तर काय करायचं तेही आधी ठरवून ठेवा. रीसर्क्युलेशन चालू, पंखा पूर्ण, मागच्या सीटसाठीची एसीची तोंडं वर छताकडे वळवा म्हणजे गार झोत डिकीपर्यंत पोचतो, मागच्या काचेला जाळीचा पडदा. पाच मिनिटांत आकडा उतरायला लागला नाही तर सावलीत थांबून कुत्रा खाली उतरवा, थोडं थोडं पाणी पाजा. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल किंवा पाय लटपटत असतील तर अंगावर साधं पाणी ओतत, पंख्याचा वारा देत जवळचा पशुवैद्य गाठा. एवढ्यासाठी पाच लिटरचा एक कॅन वेगळा भरून मागे ठेवलेला असावा, प्यायच्या पाण्यात धरू नये.